साहेब, सिस्टर आणि स्टाफ : खान्देशातल्या दवाखान्यांत कामाचं समाधान कशावर ठरतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या नर्सेस, एमओ (वैद्यकीय अधिकारी), सीएचओ (उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी), मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख) आणि नर्सिंग-एमबीएचे विद्यार्थी प्रशिक्षणांत फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. संशोधन आहे तिथे संशोधन सांगितलंय. बाकीचं माझं मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

नेतृत्वशैली म्हणजे साहेबांचा स्वभावच ना?

नाही. स्वभाव म्हणजे माणूस मुळात कसा आहे, आणि शैली म्हणजे हाताखालच्या लोकांशी तो रोज कसा वागतो. कमी बोलणाऱ्या मेट्रन उत्तम वॉर्ड चालवतात. गोड बोलणारे अधीक्षक एकही कटू निर्णय न घेता सुखाने रिटायर होतात. शैली ओळखायची असेल तर हे बघा : निर्णय कोण घेतं, तो तुम्हाला आधी कळतो की नंतर, चूक झाली की काय होतं, आणि काम चांगलं झालं तर ते कोणाच्या लक्षात तरी येतं का.

साहेब म्हणजे नेमका कोण धरायचा? डीन, सिव्हिल सर्जन, की आमच्या इन्चार्ज सिस्टर?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि बहुतेक विद्यार्थी प्रोजेक्ट संपत आल्यावर विचारतात.

आपल्याकडे साखळ्या वेगवेगळ्या आहेत. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसंच जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणजे वर अधिष्ठाता. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. कागदावर हे सगळे साहेब. पण स्टाफ नर्सची नाइट, तिचा ऑफ, तिची रजा आणि सगळ्यांसमोर तिला मिळणारी वागणूक हे सगळं परिसेविकेच्या, म्हणजे इन्चार्ज सिस्टरच्या हातात असतं. एएनएमचं (उपकेंद्रावरच्या नर्सताईचं) आरोग्य सहायिका आणि एमओंच्या हातात, आशाताईचं गटप्रवर्तकांच्या.

म्हणून समाधानाचा विचार करताना पहिल्यांदा लगतचा वरिष्ठ बघावा. डीनचं नाव वर्तमानपत्रात येतं, पण वॉर्ड नंबर पाचमधल्या सिस्टर उद्या सकाळी कामावर खुशीने येणार की डोकं दुखतंय म्हणून फोन करणार, हे इन्चार्ज सिस्टर ठरवतात. सीएचओंची तर आणखी पंचाईत. एमओ एक सांगतात, तालुका आरोग्य अधिकारी दुसरं, आणि जिल्ह्याहून एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) तिसराच मेसेज येतो. तीन साहेब असले की तिन्ही शैली चांगल्या असूनही माणूस वैतागतो.

पुस्तकात कोणकोणत्या शैली सांगितल्यात?

परीक्षेपुरतं सांगतो. 1939 मध्ये कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले आणि हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारी अशा तीन शैली मांडल्या. त्यातली एक नोंद आपल्या राउंडशी फार जुळते. हुकूमशाही गटातली मुलं मोठं माणूस खोलीत असेपर्यंत काम करायची, ते बाहेर गेलं की काम ढेपाळायचं. लोकशाही गटातलं काम मात्र चालूच राहायचं. साहेब यायच्या दिवशीच नव्या चादरी निघणारा वॉर्ड आठवून बघा.

1970 मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडली. 1978 मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देवाणघेवाणीचं आणि परिवर्तनशील असं नेतृत्वाचं दुहेरी वर्णन केलं, आणि बर्नार्ड बास यांनी 1985 मध्ये ते संस्थांना लावलं. देवाणघेवाणीचा साहेब म्हणतो, काम कर, त्याचं हे मिळेल; चुकलास तर ते होईल. परिवर्तनशील साहेब कामाचा अर्थ समजावतो, एकेका माणसाकडे लक्ष देतो आणि स्वतः तसं वागून दाखवतो. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये सांगितलं की माणूस नवा आहे की मुरलेला, हे पाहून शैली बदलावी. माझ्या मते दवाखान्यात ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. नुकत्याच रुजू झालेल्या पोरीला "तुला योग्य वाटेल तसं कर" म्हणणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. वीस वर्षं आयव्ही लावणाऱ्या सिस्टरला सलाइन कसं लावायचं ते सांगणं म्हणजे तिचा अपमान.

कामाचं समाधान ही मनातली गोष्ट. ती मोजतात कशी?

प्रश्नावलीने. पॉल स्पेक्टर यांची 1985 ची 36 प्रश्नांची प्रश्नावली खूप वापरली जाते, आणि ती मुळात माणसांच्या सेवेत असलेल्या संस्थांसाठीच बनवली होती. ती नऊ बाजू तपासते : पगार, बढती, वरिष्ठ, सवलती, शाबासकी, नियम-कागदपत्रं, सहकारी, कामाचं स्वरूप आणि माहितीची देवाणघेवाण. नऊमधला "वरिष्ठ" हा एकच भाग असला तरी शाबासकी, कागदपत्रं आणि माहिती यांतही वरिष्ठाचाच हात असतो.

जोडीला फ्रेडरिक हर्झबर्ग यांची 1959 ची मांडणी लक्षात ठेवा. पगार, सोयी, नियम, देखरेख या गोष्टी नीट नसतील तर माणूस नाराज होतो, पण नीट असल्या म्हणून खूश होतोच असं नाही. खरी खुशी कामातून, मान्यतेतून आणि जबाबदारीतून येते. या मांडणीवर नंतर बरीच टीका झाली, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असताना ती चटकन पटते. ड्युटी रूममधला कूलर बंद असेल तर दिवसभर दुसरा विषय नसतो. कूलर दुरुस्त झाला की दोन दिवसांत सगळे विसरतात, त्यासाठी कोणी साहेबांचा जयजयकार करत नाही. तरीही कूलर दुरुस्त करावाच लागतो. त्याआधी प्रेरणेचं व्याख्यान ठेवलं तर लोक पदराने वारा घेत ऐकतात, एवढंच.

शैली आणि समाधान यांचा संबंध खरंच सिद्ध झालाय का, की नुसत्या गप्पा?

संबंध आहे, आणि तो पुन्हा पुन्हा दिसलाय. कॅनडातल्या ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी नर्सिंगमधल्या अभ्यासांचा 2010 मध्ये आढावा घेतला. त्यात 53 अभ्यास होते. माणसांकडे आणि नात्यांकडे लक्ष देणाऱ्या शैलीसोबत नर्सेसचं समाधान जास्त असल्याचं 24 अभ्यासांत आढळलं, आणि नुसत्या कामावर बोट ठेवणाऱ्या शैलीसोबत ते कमी असल्याचं 10 अभ्यासांत. 2018 मध्ये त्यांनी तोच आढावा 129 अभ्यासांवर पुन्हा केला, तेव्हा हे आकडे 52 आणि 16 झाले. दिशा तीच राहिली.

दुसरं मोठं काम 2004 चं, जज आणि पिकोलो यांचं. ते फक्त आरोग्यसेवेपुरतं नाही. 87 स्रोतांतले आकडे एकत्र करून त्यांनी परिणामांशी एकूण संबंध काढला (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण, उणे म्हणजे उलटा) : परिवर्तनशील शैलीचा 0.44, कामाप्रमाणे मोबदला देणाऱ्या शैलीचा 0.39, आणि कशात लक्षच न घालणाऱ्या शैलीचा उणे 0.37. कर्मचाऱ्यांचं समाधान वेगळं काढून बघितलं तर "काम केलंस, त्याचं हे घे" ही साधी शैली परिवर्तनशील शैलीपेक्षा थोडी पुढेच निघाली. भाषण देणाऱ्यांना हा निष्कर्ष आवडत नाही. मला आवडतो, कारण आपल्याकडे माणसाला आधी केलेल्या कामाचा हिशोब चोख हवा असतो.

आता थोडी सावधगिरी. यातल्या बऱ्याच अभ्यासांत साहेब कसा आहे आणि मी किती समाधानी आहे, ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाने एकाच बैठकीत दिलेली असतात. ज्या सिस्टरची नाइट नुकतीच संपलीय तिला त्या सकाळी सगळंच वाईट दिसणार. शिवाय चांगल्या साहेबामुळे लोक खूश होतात, की खूश लोकांच्या वॉर्डात साहेबालाही चांगलं वागणं जमतं, हे अशा एका वेळच्या पाहणीतून सांगता येत नाही.

मग कडक साहेब वाईटच म्हणायचा का?

अजिबात नाही. सुरत-नागपूर महामार्गावर रात्री अपघात झाला आणि कॅज्युअल्टीत एका वेळी सात जखमी आले, तर तिथे बैठक घ्यायची नसते. "तू एअरवे बघ, तू रक्ताचा फोन लाव, नातेवाईकांना दाराबाहेर ठेव", असा एकच आवाज लागतो. अशा वेळी ओरडलेलं कोणी मनावर घेत नाही. सकाळी त्याच सीएमओंनी (कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी) सगळ्यांना चहाला बसवून काय चुकलं, काय जमलं हे विचारलं, तर रात्रीचा आवाज विसरला जातो.

गडबड होते ती कॅज्युअल्टीचा आवाज ओपीडीतही लागला की. लिनन मोजताना, रजिस्टर तपासताना, आईला दवाखान्यात न्यायचंय म्हणून अर्धी रजा मागणाऱ्या कक्षसेवकाशी बोलतानाही तोच सूर असेल तर त्याला कडकपणा म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट वारंवार ऐकू येते : कडक साहेब चालतो, दुजाभाव करणारा चालत नाही. सगळ्यांना सारखा रागावणारा साहेब बदलून गेला की त्याच्या निरोपसमारंभात लोक रडलेले आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान कोणती शैली करते?

असून नसल्यासारखी. वर उणे 0.37 दिलाय तो हिचाच. या साहेबांविरुद्ध तक्रार होत नाही, कारण ते कोणाला काही बोलतच नाहीत. "बघू", "वरून पत्र आलं की करू", "तुम्ही आपसात ठरवून घ्या", ही त्यांची तीन वाक्यं. आपसात ठरवायला सांगितलं की दांडग्याची नाइट रद्द होते आणि गरीब गायीला सलग दोन महिने नाइट लागते. एक्स-रेचं मशीन बंद पडलं तर पेशंटच्या शिव्या टेक्निशियन खातो, दुरुस्तीचं पत्र टेबलावर सहीविना पडून असतं. सफाई कामगार आणि कक्षसेवक यांचं भांडण महिनोन्‌महिने चिघळतं, आणि मग एक दिवस पेशंटसमोर फुटतं.

ही शैली ओळखायला अवघड जाते, कारण ती बाहेरून लोकशाहीसारखी दिसते. फरक इतकाच की लोकशाही पद्धतीचा साहेब विचारतो आणि मग निर्णय घेऊन त्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. हे साहेब विचारतही नाहीत आणि घेतही नाहीत. प्रशिक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, तुमच्या रागाची स्टाफला सवय होईल, पण तुमच्या टेबलावर अडकलेल्या कागदाची होणार नाही.

रोस्टरवरून इतकी भांडणं का होतात? तो तर नुसता तक्ता आहे.

तक्ता नव्हे हो, तो साहेबांचा महिनाभराचा स्वभाव आहे, कागदावर उतरलेला. नर्सिंगमध्ये शैली बघायची असेल तर मी भाषण ऐकत नाही, मागच्या तीन महिन्यांचे रोस्टर मागतो. कोणाच्या नाइट किती, कोणाचे ऑफ रविवारी पडतात, खाडाखोड कोणाच्या नावापुढे आहे, हे बघितलं की पुढे विचारायला फारसं उरत नाही.

खान्देशात तर सणांचं गणितच वेगळं आहे. पुण्या-मुंबईकडून आलेल्या अधिकाऱ्याला दिवाळी-गणपती कळतात, आखाजी कळत नाही. अक्षय्य तृतीयेला इकडे सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षभर घर आणि ड्युटी ओढणाऱ्या सिस्टरला त्या दोन दिवसांची किंमत पगाराएवढी असते. श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसवायची असते, भाऊबंदकी गोळा होते, रोटांचा स्वयंपाक असतो, आणि सोमवारी विसर्जन. त्या रविवारी सगळ्याच अर्ज घेऊन उभ्या. सातपुड्याकडे जा, तर धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या आदिवासी कर्मचाऱ्यांना होळी हवी असते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून होळीच्या मेळ्यांपर्यंत ते दिवस त्यांचे.

एका इन्चार्ज सिस्टरांची पद्धत सांगतो. ड्युटी रूमच्या दाराला आतून एक साधा कागद चिकटवलेला. त्यावर आडव्या ओळीत आखाजी, कानबाई, पोळा, होळी, दिवाळी, ईद, नाताळ, आंबेडकर जयंती. उभ्या ओळीत सगळ्यांची नावं. गेल्या वर्षी ज्याला जो सण मिळाला त्याच्यापुढे निळी टिकली. यंदा ज्याला टिकली नाही त्याचा पहिला हक्क. अदलाबदल करायची तर दोघींनी त्याच कागदावर सही करायची, बाईंच्या कानात येऊन सांगायचं नाही. बाई काही फार हसऱ्या नव्हत्या. पण त्या वॉर्डातून रोस्टरची एकही तक्रार मेट्रनकडे गेली नाही. न्यायाने वाटप होतंय हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी संगणक लागतोच असं नाही.

चूक झाली की मेमो द्यायचा नाही, तर काय ओवाळायचं?

मेमोला जागा आहे. दारू पिऊन ड्युटीवर आलेल्याला मेमोच द्या. पण औषधाच्या चुकांबद्दल एमी एडमंडसन यांचा 1996 चा अभ्यास वाचल्याशिवाय मेमोबुक उघडू नये असं मला वाटतं. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं. सापडल्या जास्त. कारण शोधल्यावर कळलं की तिथल्या नर्सेस चुका सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डात त्या लपत होत्या.

आपल्याकडचं नेहमीचं चित्र बघा. पहाटे चारला दोन बेडचे पेपर अदलाबदल होतात, एका पेशंटला दुसऱ्याचं अँटिबायोटिक जातं. पेशंट ठीक आहे. सिस्टर घाबरून कळवते. आता पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. पहिला प्रश्न "कोणी केलं?" असेल तर त्या वॉर्डात पुढची चूक कोणी कळवणार नाही. "पेशंट कसा आहे? डॉक्टरांना कळवलं का? दोन्ही पेपर आण", असा असेल तर तासाभरात कळतं की दोन्ही पेशंट एकाच आडनावाचे पाटील, आणि खाटांचे नंबर महिन्यापूर्वी पुसले गेलेत. पाटील-महाजन-चौधरींच्या मुलखात नुसत्या आडनावाने हाक मारून औषध देणं ही जोखीमच आहे. नंबर पुन्हा रंगवून घेतले, पूर्ण नाव विचारून मगच औषध असा नियम केला, तर त्याचं श्रेय त्या घाबरलेल्या सिस्टरला द्यायला हवं.

नातेवाईकांनी गोंधळ घातला तर साहेबांनी काय करावं?

पुढे यावं. बाकी नंतर. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण फिर्याद द्यायला ठाण्यात कोण येतं, हे स्टाफ वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. गावातल्या वजनदार माणसाचा फोन आला म्हणून सिस्टरला "माफी मागून टाका, विषय मिटवा" सांगणाऱ्या साहेबांनी नंतर कितीही वाढदिवस साजरे केले तरी उपयोग नाही.

पगार कमी, करार अकरा महिन्यांचा. यात बिचारा साहेब काय करणार?

खरं आहे, समायोजन, म्हणजे कायम सेवेत घेणं, एमओंच्या हातात नाही. कंत्राटी माणसाची असुरक्षितता गोड बोलून जात नाही, आणि जाते असं सांगणाऱ्या प्रशिक्षकांवर विश्वास ठेवू नका. नियमित सिस्टर आणि कंत्राटी सिस्टर शेजारशेजारच्या टेबलावर तेच काम करतात आणि पगारात मोठं अंतर असतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं.

पण साहेबांच्या हातातलं बरंच काही हातातच राहून जातं. पुनर्नियुक्तीचा प्रस्ताव वेळेत पाठवणं. प्रवासभत्त्याची बिलं मार्चपर्यंत न लटकवणं. प्रतिनियुक्ती फोनवर तोंडी न करता लेखी देणं, म्हणजे वाटेत काही झालं तर ती बाई ड्युटीवर होती याचा पुरावा राहतो. बैठकीत "तुम्ही कंत्राटी आहात, लक्षात ठेवा" हे वाक्य न बोलणं. हे शेवटचं तर फुकट आहे.

सातपुड्यातल्या उपकेंद्रांना हे सगळं लागू होतं का? तिथे साहेब महिन्यातून एकदा दिसतो.

लागू होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. डोंगरी-आदिवासी भागात उपकेंद्र 3000 लोकसंख्येमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र 20,000 मागे, असा निकष आहे. सपाटीवर तोच 5000 आणि 30,000. कागदावर आकडा कमी, पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांमधलं अंतर पायांनी मोजायचं असतं. नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीने जावं लागतं, तिथे तरंगता दवाखाना चालतो.

अशा ठिकाणी साहेब म्हणजे मोबाइलमधला आवाज. रेंज आली की पहिला मेसेज काय येतो, यावर एएनएमचा दिवस ठरतो. "पोहोचलात का?" असा येतो, की "जिओ टॅग फोटो अजून का नाही?" असा? लसीकरण, आरसीएच (माता-बाल आरोग्य), एनसीडी (बीपी-शुगरसारखे आजार), निक्षय (क्षयरोग), प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, त्यात रात्री आठला व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स). घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. इथे चांगला साहेब तो, जो खालून येणारी माहिती एकदाच मागतो आणि वरून आलेली तीच मागणी आपल्या टेबलावर थांबवतो. असे एमओ आहेत. त्यांची नावं जिल्ह्याच्या आढाव्यात पहिल्या नंबरला नसतात, पण त्यांच्या केंद्रातून बदलीचे अर्ज कमी जातात.

भाषेचाही मुद्दा आहे. भिली-पावरी येणारी स्थानिक सेविका गरोदर बाईला जे समजावू शकते ते बाहेरून आलेल्या डॉक्टरला जमत नाही. तिला बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसवून फक्त आकडे विचारले तर तिच्याकडची खरी माहिती कधीच वर येत नाही. पारोळा-अमळनेरकडे अहिराणीचं तसंच. राउंडला डॉक्टरांनी पेशंटला "काय व्हयनं, माय?" विचारलं की पेशंट तर मोकळा होतोच, पण मावशी-मामांनाही साहेब आपला वाटायला लागतो.

आशाताईंना नोकरीच नाही, तर नोकरीचं समाधान कसलं?

आशा स्वयंसेविका मानल्या जातात, कामावर आधारित मोबदला आणि मानधन मिळतं. म्हणून त्यांचा प्रश्न सरळ आहे : भरलेला क्लेम पूर्ण मिळाला का, कापला असेल तर का कापला हे कोणी सांगितलं का, आणि रात्री दोनला बाळंतीण घेऊन आल्यावर दवाखान्यात बसायला जागा मिळाली का.

आमचा वीस खाटांचा प्रायव्हेट दवाखाना आहे. डॉक्टरच मालक, डॉक्टरच मॅनेजर. इथे कसली शैली?

इथेच सगळ्यात ठळक दिसते. बहुतेक ठिकाणी सर पेशंट बघतात आणि मॅडम स्टाफ सांभाळतात. शैली घरगुती असते, त्यात माया असते आणि गैरसोयही. दिवाळीला साडी मिळते, पोराच्या ॲडमिशनला उचल मिळते. पण ड्युटी संपायची वेळ ठरलेली नसते आणि सुट्टी हा हक्क नसून उपकार असतो. "तू घरचीच आहेस" असं ऐकणाऱ्या सिस्टरला पगारवाढ मागताना जीभ रेटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही नर्सला दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. तुमच्याकडे काय देतात ते तुम्हीच बघा. आणि मालकांनो, स्टाफ टिकत नाही म्हणून तक्रार करण्याआधी शेवटच्या चार सोडून गेलेल्या मुलींना फोन लावून कारण विचारा. आता त्यांना तुमची भीती नाही, खरं सांगतील.

आमचे साहेब तीन वर्षांत बदलून जातात. मग शैली सुधारून काय उपयोग?

2005 च्या बदल्यांच्या कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरलाय, तो सगळीकडे पूर्ण होतोच असं नाही. म्हणूनच चांगली पद्धत माणसावर न ठेवता कागदावर आणावी. सणांचा तक्ता, लेखी प्रतिनियुक्ती, हँडओव्हरची वही, चूक कळवायची रीत. नवा साहेब आला तरी चालू पद्धत मोडायला त्यालाही कारण द्यावं लागतं.

स्टाफ खूश असला की पेशंटला काय मिळतं?

अमेरिकेत 1983 मध्ये नर्सेस टिकून राहणाऱ्या 41 रुग्णालयांचा अभ्यास झाला. त्यांना पुढे चुंबक रुग्णालयं म्हणू लागले. तिथे नर्सिंगच्या प्रमुखाला निर्णयात स्थान होतं आणि खालच्यांपर्यंत त्या पोहोचत होत्या. आपल्यापुरतं बोलायचं तर जुनी सिस्टर टिकली की पेशंटचा चेहरा बघून "हा बिघडतोय" ओळखणारं माणूस वॉर्डात राहतं.

मी स्वतः इन्चार्ज आहे. माझी शैली कशी तपासू?

स्टाफला तोंडावर विचारू नका, सगळे "छान आहे मॅडम" म्हणतील. बास आणि अव्होलिओ यांची नेतृत्वशैलीची 45 प्रश्नांची प्रश्नावली मिळते, पण ती विकत घ्यावी लागते आणि दहा जणांच्या वॉर्डात कोणी काय लिहिलं ते अक्षरावरून कळतं. त्यापेक्षा महिनाभर स्वतःच टिपा : मला वाईट बातमी कोणाकडून आणि किती उशिरा कळली? ती बाहेरच्यांकडून कळत असेल तर तुमचा स्टाफ तुम्हाला घाबरतोय किंवा तुमच्याकडून काही होणार नाही हे त्याने धरून चाललंय.

एमबीए किंवा एमएस्सी नर्सिंगसाठी हाच विषय घेऊ का?

घ्या, पण दरवर्षीसारखा नको. जळगावच्या विद्यापीठातला असो की नर्सिंगचा, विद्यार्थी शंभर गुगल फॉर्म भरून घेतो, "सकारात्मक संबंध आढळला" लिहितो आणि बांधणीला टाकतो.

एथिक्स कमिटी आणि संस्थेची परवानगी आधी घ्या. प्रश्नावली मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही ताडून बघा. आणि कक्षसेवक-मावशींना ती वाचून दाखवून कळतेय का ते तपासा. नियमित आणि कंत्राटी यांचे आकडे वेगवेगळे मांडा, नाहीतर पगाराचा राग साहेबाच्या खात्यावर जमा होईल. कोणत्या वरिष्ठाबद्दल विचारताय ते पहिल्या ओळीत लिहा. फॉर्म मेट्रन बाईंच्या टेबलावर ठेवून गोळा करू नका, बंद पाकिटात घ्या, आणि नाइट संपलेल्या सकाळी तर मुळीच भरून घेऊ नका. शक्य असेल तर सहा महिन्यांनी त्याच लोकांकडे परत जा, आणि मधल्या काळात कोण सोडून गेलं, कोणी बदली मागितली ते आस्थापना शाखेतून परवानगीने घ्या. गाइड म्हणतील की एवढं कशाला. त्यांना सांगा, डेटा एंट्री मीच करणार आहे.